सॉर्ट केल्यावर अ‍ॅरेतले आकडे भलत्याच क्रमाने का येतात आणि बाजूला ठेवलेला अ‍ॅरेपण का बदलतो?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत, जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे, म्हणजे यादी, सॉर्ट केल्यावर ८० हा आकडा ४५० च्या खाली जातो, आणि सॉर्टच्या आधी दुसऱ्या नावाने बाजूला ठेवलेला अ‍ॅरेपण बदलतो. मी दोन्हीत अडकलोय. मावसभाऊ म्हापशाच्या बाजारात मासळी विकतो, त्याला रोजचे दर स्वस्त ते महाग असे मोबाईलवर दाखवायचे होते. तारले ८०, बांगडे २००, सुंगटं ४५०, इसवण ११००. सॉर्ट मारलं तर इसवण सगळ्यात वर आणि तारले तळाला! मला वाटलं उलटं लावतंय, म्हणून पुढे रिव्हर्स जोडलं, तर तारले वर आणि इसवण तळाला आलं, पण मधे सुंगटं बांगड्यांच्या वरच राहिली. दुसऱ्या दिवशी बांगडे ९० वर उतरले आणि ८० च्या तारल्यांच्या वर जाऊन बसले.

कारण असं की सॉर्टला काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक आकड्याचा आधी मजकूर करतं आणि डिक्शनरीसारखं एकेक अक्षर बघतं, म्हणजे ११०० मधला पहिला १ हा ८० मधल्या ८ च्या आधी, संपलं. म्हणून सॉर्टच्या कंसात एक छोटं फंक्शन द्यायचं, जे अ आणि ब घेऊन अ वजा ब परत देईल. उत्तर ऋण आलं तर अ आधी, धन आलं तर ब आधी. रिव्हर्सच्या नादाला लागूच नका.

आता दुसरं. बरोबरचं चिन्ह टाकून अ‍ॅरेला नवीन नाव दिलं म्हणून कॉपी होत नाही. आमच्याकडे घरात ज्याला बाबू म्हणतात त्याचं दाखल्यावर वेगळं नाव असतं, पण माणूस तोच ना, बाबूचे केस कापले की दाखल्यावरच्याचेही कापले गेले. सॉर्ट मूळ अ‍ॅरेच हलवतं, आणि कॉन्स्ट लिहिलं तरी ते थांबत नाही, कॉन्स्ट फक्त नाव दुसरीकडे जोडू देत नाही. खरी कॉपी हवी तर चौकोनी कंसात तीन टिंबं आणि पुढे अ‍ॅरेचं नाव, नाहीतर २०२३ च्या स्टँडर्डमध्ये आलेलं टूसॉर्टेड वापरा, ते मूळ अ‍ॅरेला हात लावत नाही.

फक्त मासळीचं नाव आणि दर एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवत असाल तर सांभाळा, तीन टिंबांनी यादी नवी होते पण आतले ऑब्जेक्ट तेच राहतात, कॉपीत दर बदलला की मूळ यादीतही बदलतो. तिथे आतल्या ऑब्जेक्टसकट पूर्ण कॉपी करणारं स्ट्रक्चर्डक्लोन लागेल.