गुरुवारचा आकडा आणि भिंतीवरचं कालनिर्णय

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. सुरुवातीलाच सांगते, मला मॅडम म्हणू नकोस. तुझ्या आत्याबरोबर मी तीन वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली आहेत, तेव्हा ताई पुरे.

तर पेच असा आहे की पुण्याचं कॉल सेंटर बावीस हजार देतंय आणि मुंबईची टीव्ही वाहिनी रिसर्च विभागात वर्षभर अप्रेंटिस म्हणून नऊ हजारांवर बोलावतेय. त्यात आई विचारते, "शिकाऊ म्हणजे नोकरी नाहीच ना?" आईचं बरोबर आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. वर्ष संपल्यावर तुला ठेवून घेण्याचं बंधन कंपनीवर नाही आणि थांबण्याचं तुझ्यावर नाही. करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी, म्हणून करार शेवटच्या पानापर्यंत वाच. नऊ हजार हा आकडाही कुणी मनानं ठरवलेला नाही. २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधर अप्रेंटिससाठी तेवढं किमान विद्यावेतन ठरलं होतं. किमान, हं. जास्त मागायला कायद्याची आडकाठी नाही. फार तर नाही म्हणतील.

करार नॅट्सच्या, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिस प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवर नोंदवणार का, हे मात्र पैशांच्याही आधी विचार. पश्चिम विभागाचं त्यांचं मंडळ इथंच शीवला आहे. नोंद असेल तर विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलतं आणि शेवटी तुझ्या हातात प्रमाणपत्र येतं. नोंद न करता कुणी तुला अप्रेंटिस म्हणत असेल तर त्याला स्वस्तात माणूस हवा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग लगेच दुसरा प्रश्न टाक: रेटिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन मला मिळेल, की दुसऱ्यानं काढलेले आकडे पीपीटीत चिकटवायचे? या उत्तरावर तुझं सगळं वर्ष अवलंबून आहे. लॉगिन मिळणार असेल तर माझं मत, ये.

कारण सांगते. बँकेत किंवा विमा कंपनीत तुझ्यासारख्या नवख्या मुलीला आकडा मिळतो तो साफसूफ करून, फाइलमध्ये. तो कुठून आला ते दिसत नाही आणि पुढे त्याचं काय झालं तेही कळत नाही. वाहिनीत दोन्ही एकाच मजल्यावर दिसतं. शनिवार ते शुक्रवार हा आपला आठवडा. टीव्हीवर कोण काय बघतं हे मोजणारी संस्था म्हणजे बार्क. त्या आठवड्याचे तिचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. गुरुवारी सकाळी ऑफिसात कुणी मोठ्यानं हसत नाही. दुपारपर्यंत कुठल्या तरी मालिकेची वेळ बदलायची चर्चा सुरू होते आणि संध्याकाळी लेखकाला फोन जातो. सेटवरच्या माणसांना गुरुवारी उपास असतो की नाही माहीत नाही, पण देव सगळ्यांना आठवतो.

आता तो आकडा बनतो कसा, ते नीट समजून घे. २०२५ मध्ये देशभरात साधारण ५८ हजार घरांत टीव्हीला बार्कचे मीटर होते. प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळते. ती खूण मीटर पकडतो, आणि टीव्हीसमोर कोण बसलंय हे घरातली माणसं रिमोटवरचं आपापलं बटण दाबून सांगतात. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात २१ कोटी घरांत टीव्ही आहेत. भागाकार करून बघ, मीटरचं एक घर साडेतीन हजारांहून जास्त घरांच्या वतीनं बोलतं. आणि त्या घरातली आजी बटण दाबायला विसरू शकते. पहिल्या महिन्यात एवढं मुरलं तरी मला पुरे.

मी नवीन होते ती २००५ मध्ये. तेव्हा बार्क नव्हती, टॅम नावाच्या कंपनीचे आकडे यायचे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमची रात्रीची मालिका आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा दणकून पडलेली दिसली. मी दोन पानं खरडली: नायिकेला माहेरी पाठवल्यामुळे प्रेक्षक दुरावले, सासूचं पात्र कमी दिसतंय, वगैरे. तक्ते, रंगीत आलेख, सगळं. आमचे साहेब म्हणजे फार न बोलणारा माणूस. त्यांनी पानं वाचली, उठले, भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे ठेवलं आणि चहाला गेले. २००४ मध्ये अधिक श्रावण होता, गणपती बसले १८ सप्टेंबरला. २००५ मध्ये ७ सप्टेंबरला. मी जे दोन आठवडे शेजारी ठेवले होते, त्यातल्या एकात घराघरांत गौरी जेवत होत्या आणि दुसऱ्यात लोक नेहमीसारखे टीव्हीपुढे होते. नायिका बिचारी विनाकारण बदनाम झाली.

हे अजूनही होतं. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये थेट २७ ऑगस्टला. डॅशबोर्ड मात्र छत्तिसावा आठवडा छत्तिसाव्यालाच जोडतो, त्याला अधिक महिना कळत नाही. तुला कळतो. बार्शीच्या मुलीला आणखीही बरंच कळतं, जे अंधेरीच्या काचेच्या ऑफिसात सहज सुचत नाही: रात्रीची वीज कुठे जाते, सुगीत जेवणं किती वाजता होतात, दहावीच्या परीक्षेत घरातला टीव्ही कोण बंद करतं. हे लिहून ठेवत जा. मी एक वही केली होती. डावीकडे त्या आठवड्याचा आकडा, उजवीकडे त्या आठवड्यात महाराष्ट्रात काय चाललं होतं. त्या वहीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कोर्सनं नाही.

आणखी एक गोष्ट, तू तेव्हा शाळेत असशील. ऑक्टोबर २०१५ पर्यंत टीव्हीच्या मोजणीत खेडी नव्हतीच. बार्कनं ग्रामीण आकडे द्यायला सुरुवात केली आणि वाहिन्यांची क्रमवारी एकदम हलली. डीडी फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या, जुन्या मालिका परत दाखवणाऱ्या वाहिन्या वर आल्या. त्यांच्याकडे जाहिरातवाले आदल्या महिन्यापर्यंत ढुंकून बघत नव्हते. गावातली माणसं काही त्या आठवड्यात टीव्ही बघायला लागली नव्हती. ती आधीपासून बघतच होती, आम्ही मोजत नव्हतो. तेव्हापासून आलेख अचानक उडी मारताना दिसला की माझा पहिला प्रश्न मोजणी बदलली का हाच असतो. डिजिटलकडे बसवलं तरी हे विसरू नकोस. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबनं शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे व्ह्यूज एका रेषेत जोडून "आपली वाढ" म्हणून दाखवणारा कुणीतरी तुला भेटेलच.

आता जरा नाजूक विषय. महाराष्ट्र-गोवा या आपल्या बाजारात प्रत्येक वाहिनी कुठे ना कुठे नंबर वन असते. सेल्सवाला तुझ्या टेबलाशी येऊन म्हणेल, "बघ ना, आपण कुठे पहिले येतोय." मग तू मुंबई वगळशील, पुरुष धरशील, वय २२ ते ३०, सकाळी सहा ते नऊ, आणि कुठेतरी पहिला नंबर सापडेल. यात खोटं काही नसतं. पण कापत कापत गेलं की खाली माणसं किती उरली हे बघायचं राहून जातं. समज, त्या गटात मीटरवाली शंभर माणसं आहेत. गेल्या आठवड्यात चौघांनी तुमचा कार्यक्रम बघितला, या आठवड्यात सहांनी. पीपीटीत लिहिलं जाईल "५० टक्के वाढ". प्रत्यक्षात वाढली दोन माणसं, त्यातही एकाच्या घरी पाहुणे आलेले असू शकतात. तू नवीन आहेस, "हे मी करणार नाही" असं म्हणून भांडत बसू नकोस. मागितलेला तुकडा काढून दे, पण प्रत्येक तक्त्याखाली नमुना किती माणसांचा ते लिही. कुणी पुसून टाकलं तर ते त्याचं. तुझ्या मूळ फाइलमध्ये राहू दे.

छोट्या नमुन्याला किती जपावं लागतं ते वृत्तवाहिन्यांवरून कळतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत टीआरपीत फेरफार झाल्याचे आरोप झाले आणि बार्कनं बातम्यांच्या वाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये परत आले, तेही चार आठवड्यांच्या सरासरीत. पाहणारे कमी असले की थोडी घरं इकडची तिकडे झाली तरी चित्र बदलतं, त्यामुळे मीटर कुणाच्या घरात आहे हे गुपित ठेवावं लागतं.

रुजू व्हायच्या आधी घरबसल्या एक काम कर. जाहिरातवाले घरांचे ए, बी, सी असे गट पाडतात. त्यासाठी दोनच गोष्टी बघतात: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. पंखा, फ्रिज, दुचाकी, अगदी शेतजमीनसुद्धा त्या यादीत आहे. ती यादी शोध आणि तुमचं घर, शेजारचं घर, मामाचं घर कुठल्या गटात बसतं ते काढ. मग बघ, त्या गटाबद्दल पुस्तकात लिहिलेलं वर्णन तुझ्या आईला कितपत लागू पडतं. पहिल्या मीटिंगमध्ये कुणी "सी गटाच्या बायका हेच बघतात" असं म्हणालं तर तुला निदान मनात हसता येईल.

एक्सेल, पायथन हे तू विचारलंस म्हणून लिहिते. पिव्होट आणि लूकअप डोळे मिटून यायला हवेत. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवे ते आकडे काढायची भाषा, दिवाळीपर्यंत शिक. पायथन नंतर, जेव्हा तेच काम दर गुरुवारी हातानं करून वैताग येईल तेव्हा. वैतागून शिकलेलं टिकतं. तुझं स्टॅटिस्टिक्स चांगलं आहे, त्याची मला काळजी नाही. मराठीत चार सरळ ओळी लिहायची सवय मात्र ठेव, कारण प्रोग्रॅमिंगच्या प्रमुखाला स्टँडर्ड एरर नको असते. मालिका रात्री आठला ठेवायची की साडेआठला, हे त्याला हवं असतं.

पैशांचं खरंखुरं सांगायचं तर नऊ हजारांत मुंबईत भागणार नाही. घरून महिन्याला थोडे लागतील आणि ते वर्षभर लागतील, हे वडिलांना आत्ताच सांग, तीन महिन्यांनी नको. घरून जमणारच नसेल तर पुणं घे, त्यात लाज नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. जमत असेल तर खोली अंधेरीत शोधू नकोस. घाटकोपरला कॉट बेसिसवर बघ, तिथून मेट्रो थेट अंधेरीला जाते. माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे एक कॉट रिकामी होणार आहे, मी त्यांच्याशी बोलते. त्या डबाही देतात, पण चतुर्थीला सगळ्यांना साबुदाणा, ते आधीच सांगून ठेवते.

करार हातात आला की त्याचे फोटो मला पाठव. फोन शुक्रवारी कर, गुरुवारी मी उचलत नाही.

तुझी,
ताई