फिल्म कॅमेऱ्यावर तेजोमेघाचा फोटो काढता येतो का? हिवाळ्यातल्या थंडीचा फिल्मवर काय परिणाम होतो?

तुमच्याकडे जुना फिल्म कॅमेरा आहे, थंडीत आकाश छान स्वच्छ असतं, तर मृग नक्षत्रातला तेजोमेघ त्यावर टिपता येईल का आणि थंडीने फिल्म बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय. टिपता येतो. बरेच हिवाळे मी हेच करत आलेय. आणि फिल्मला थंडी मानवते; बाधते ती लेन्सला, बॅटरीला आणि आपल्या बोटांना.

मानवते कशी, ते जरा सविस्तर सांगते, कारण ते कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. प्रकाश पडून एखाद्या कणात चांदीचा एकच अणू तयार झाला, तर तो टिकत नाही, थोड्या वेळात विस्कटतो. डेव्हलपरमध्ये तो कण काळा व्हायला हवा असेल तर चारेक अणूंचा पुंजका जमावा लागतो. दिवसाच्या उजेडात हे क्षणात होतं. तेजोमेघाचा प्रकाश मात्र थेंब थेंब येतो, आणि दुसरा थेंब पडेपर्यंत पहिला सुकलेला असतो. म्हणून १० मिनिटांचं एक्स्पोजर २० मिनिटं केलं तरी चित्र दुप्पट उजळत नाही. याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. कृष्णविवरांच्या गणितामुळे आपल्याला माहीत असलेले कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांच्या फोटोंवरूनच त्याचं सूत्र मांडलं होतं. मी घरात याला ‘फिल्म थकणं’ म्हणते.

फिल्म गार असली की अणूचं हे विस्कटणं मंदावतं. पूर्वी हौशी निरीक्षक खास कॅमेऱ्यात फिल्मच्या पाठीमागे उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ भरायचे, ते याचसाठी. काही जण फिल्म हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात तासन्‌तास कोमट ठेवून तिच्यातला ओलावा आणि ऑक्सिजन घालवायचे. तुम्हाला यातलं काही करायची गरज नाही. हिवाळ्याची रात्र थोडाफार फायदा फुकट देते, आणि आताच्या काही फिल्म मुळातच कमी थकतात. फुजी प्रोव्हिया १००एफला १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्तीच लागत नाही.

फिल्म निवडताना मात्र नुसता वेग बघू नका. तेजोमेघाचा तांबडा रंग हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा असतो आणि प्रत्येक फिल्मला तो दिसतोच असं नाही. ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म थकत नाही म्हणून नावाजलेली आहे, पण हा तांबडा तिला जवळजवळ दिसत नाही. कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुक्यासाठी ती चालेल, मृगासाठी नको. मृगासाठी मी एक्टाक्रोम ई१०० किंवा प्रोव्हिया वापरते आणि डेव्हलप करताना एक स्टॉप पुश करून घेते, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून चित्र उजळवून घेते.

कॅमेरा पूर्ण यांत्रिक शटरचा हवा. ऑलिम्पस ओएम-१ किंवा निकॉन एफएम२ बल्बवर, म्हणजे हवं तितका वेळ शटर उघडं धरणाऱ्या सेटिंगवर, तासभर उघडा ठेवला तरी बॅटरी लागत नाही. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ठळक ताऱ्यावर फोकस करा आणि लेन्स बाहेर ठेवून तासाभराने पुन्हा तपासा, कारण नळी गार होऊन आक्रसते.

खरी मेहनत मागोव्याची. आकाश दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, त्यामुळे मोटर लावलेलं विषुववृत्तीय माउंट, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारी बैठक, हवंच. त्याचा अक्ष ध्रुवबिंदूकडे, म्हणजे आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूकडे, रोखायचा. ध्रुव तारा त्या बिंदूपासून साधारण दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, तेवढी दुरुस्ती करायला विसरू नका. ५० किंवा १३५ मिमीच्या लेन्सला एवढं पुरतं. दुर्बिणीतून काढायचा तर शेजारच्या छोट्या दुर्बिणीत एक तारा तांबड्या उजेडाच्या फुलीवर धरून बसायचं. गिअरच्या दोषामुळे तो दर काही मिनिटांनी हळूच डावीकडे कलतो, बटण दाबून परत आणायचा, मग उजवीकडे कलतो. श्वास खाली सोडायचा, नाहीतर वाफेने आयपीस धुरकटतो. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला तेव्हा ५१ मिनिटांचं एक्स्पोजर दिलं होतं. फुलीवर डोळा लावून बसले की मला दर वेळी तो आकडा आठवतो.

दवाचं सांगायलाच हवं. एका रात्री मी ४० मिनिटं तारा तसूभर हलू दिला नाही. शटर बंद करून टॉर्च लावला तर लेन्सवर हिमाचा पातळ पापुद्रा. त्या फ्रेमवर मोठ्या ताऱ्यांभोवती धुरकट वलयं आली आणि बारीक तारे गायब. तेव्हापासून लेन्सभोवती हीटरची पट्टी असल्याशिवाय मी शटर उघडत नाही.

गारठलेली फिल्म कडक होते. झटक्याने पुढे सरकवली तर कडेची भोकं फाटतात, आणि कोरड्या हवेत भरभर गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्या पडून फ्रेमवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. अगदी सावकाश गुंडाळा. घरात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तो खोलीइतका ऊबदार होईपर्यंत उघडू नका. मग पाणी पिशवीवर धरतं, फिल्मवर नाही.

रोलची पहिली फ्रेम दिवसा काढा, आणि लॅबला ‘कापू नका’ असं लिहून द्या. काळ्या आकाशात एक फ्रेम कुठे संपते ते कापणाऱ्याला दिसत नाही. माझा एक मृग असाच मधोमध कापला गेला, त्याची हळहळ अजून आहे.

पहिल्या रोलवर एकच लक्ष्य ठेवा. १३५ मिमी लेन्स, एफ/४, मृगाची तलवार (पट्ट्याखालची ताऱ्यांची छोटी रांग, तेजोमेघ तिच्यातच आहे) मध्यभागी. १०, २० आणि ४० मिनिटं अशी तीन एक्स्पोजर. प्रत्येकाची वेळ आणि तापमान वहीत टिपा, कारण निकाल हातात येईपर्यंत यातलं काहीच आठवणार नाही. तिन्ही फ्रेम उजेडाच्या पेटीवर शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या, की तुमची फिल्म कुठे थकायला लागली ते तिथेच दिसेल.