पेज सापडत नाही? आधी फाटक उघडं आहे का ते पाहा

वाचकांचे प्रश्न, वेबसाइटचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या प्रोग्रामरची उत्तरं

प्रश्न : मी छायाचित्रकार आहे. दोन महिन्यांपूर्वी जुनी वेबसाइट बदलून वर्डप्रेसवर नवी करून घेतली. साइट उघडते, दिसतेही छान. पण गूगलवर माझं पूर्ण नाव टाकलं तरी येत नाही. जुनी यायची. आता ‘पहिल्या पानावर आणून देतो, हमी आमची’ असा एका कंपनीचा ईमेल आलाय. पैसे भरू का?

उत्तर : नका भरू. स्वतःच्या पूर्ण नावावरही साइट सापडत नसेल, तर ती गूगलकडे नोंदलीच गेलेली नाही असा माझा पहिला संशय असतो. नोंदच नसेल तर क्रमांकाची चर्चा कशाला?

खात्री करून घ्या. गूगलच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन टाइप करा. एकही पेज आलं नाही, तर कॉम्प्युटरवर साइटचं होमपेज उघडा, राइट क्लिक करा आणि ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडा. कोडचा मोठा गठ्ठा समोर येईल, तो समजायची गरज नाही. कंट्रोल आणि एफ दाबून ‘नोइंडेक्स’ (‘या पेजची नोंद करू नका’ अशी सर्च इंजिनला सूचना) हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा. सापडला, की तुमचा आजार सापडला.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचं पान आहे. त्याच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो: सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, अशा अर्थाचा. साइट बनत असताना तिथे टिक असणं बरोबरच आहे, अर्धवट पेजेस कुणाला दिसू नयेत म्हणून. घोटाळा होतो तो साइट लाइव्ह करताना, कारण टिक काढायची राहून जाते. ही एक टिक साइटच्या प्रत्येक पेजच्या कोडमध्ये नोइंडेक्सची ओळ घालते.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. एका संगीतशिक्षिकेची साइट मी रात्री उशिरा लाइव्ह केली. फॉर्म तपासले, मोबाइलवर पाहिलं, आणि ती टिक तशीच राहिली. सतरा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी साइटबद्दल तक्रार केली नाही. ‘नव्या विद्यार्थ्यांचे फोन यायचे थांबलेत, माझ्या शिकवण्यात काही कमी पडतंय का?’ एवढंच त्यांनी विचारलं. ते वाक्य मी विसरलेलो नाही. टिक काढायला दहा सेकंद लागली आणि साइट पूर्वीसारखी दिसायला जवळपास तीन आठवडे. तेव्हापासून साइट लाइव्ह केल्यावर मी आधी पेज सोर्समध्ये तो शब्द शोधतो आणि मगच क्लायंटला ‘झालं’ म्हणून कळवतो.

नोइंडेक्स नसेल तर दुसरी जागा बघा. डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ उघडा. सर्च इंजिनच्या रोबोने, म्हणजे साइट्स फिरून वाचणाऱ्या प्रोग्रामने, कुठे जावं, कुठे जाऊ नये हे सांगणारी ही साधी फाइल. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ही पद्धत सुचवली आणि २०२२ मध्ये ती आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली. त्यात ‘डिसअलाउ’पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर ज्या रोबोसाठी तो नियम आहे त्याला अख्ख्या साइटची मनाई आहे. रोबोच्या नावाच्या जागी चांदणीसारखं चिन्ह (*) असलं, तर सगळ्यांनाच.

या दोन गोष्टींत अनुभवी डेव्हलपरही गल्लत करतात. रोबोट्सची फाइल ही फाटकावरची पाटी आणि नोइंडेक्स ही आतल्या खोलीत ठेवलेली चिठ्ठी. फाटकच बंद असलं तर चिठ्ठी वाचणार कोण? त्यामुळे एखादं पेज गूगलमधून खरोखर काढायचं असेल, तर फाटक उघडं ठेवून आत नोइंडेक्स लावावं लागतं. नुसतं फाटक लावलं, तर दुसऱ्या कुणी दिलेल्या लिंकवरून त्या पेजचा पत्ता गूगलला कळू शकतो आणि तो निकालांत वर्णनाशिवाय दिसत राहू शकतो.

अडथळा दूर झाला की गूगल सर्च कन्सोल या, साइटच्या मालकांसाठी असलेल्या साधनात साइट जोडा. ते फुकट आहे. वरच्या पट्टीत पेजचा पत्ता टाका, ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ करा, साइटमॅप, म्हणजे साइटमधल्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, तीही द्या. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, तुम्हाला एक पुरे. मग थोडा धीर धरा.

जाता जाता एक गोष्ट, तुम्ही छायाचित्रकार आहात म्हणून. प्रत्येक फोटोला ‘ऑल्ट’ मजकूर द्या. ‘पावसात छत्री धरून उभी असलेली नवरी’ असं त्यात लिहिलं तर गूगलला फोटोचा विषय कळतो. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते असं, की ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर तो मजकूर वाचून दाखवतो आणि तुमचा फोटो त्यांच्यापर्यंतही पोहोचतो. तिथे कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव ऐकावं लागणं किती निराश करणारं असेल, याचा विचार करा.

प्रश्न : आमच्या संस्थेची साइट नव्याने केली, तेव्हा सगळ्या पेजेसचे पत्ते बदलले. डेव्हलपरने जुने पत्ते सरसकट होमपेजकडे वळवले आहेत. हे ठीक आहे ना?

उत्तर : ठीक नाही, आणि हे लवकर दुरुस्त करा. जुन्या लिंकवरून कुणी प्रवेश अर्जाची माहिती शोधत आला आणि त्याला होमपेजवर आणून सोडलं, तर त्याने पुढे कुठे जायचं? गूगललाही हे कळतं. अशा वळवलेल्या पत्त्यांना ते बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ धरतं, म्हणजे पेज अस्तित्वातच नाही असं समजतं. इतक्या वर्षांत इतरांनी त्या पेजला दिलेल्या लिंक्सचं वजन वाया जातं.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. एका तक्त्यात डावीकडे जुना पत्ता लिहा, उजवीकडे त्याच विषयाचा नवा. प्रत्येक जोडीला ३०१ रीडायरेक्ट द्या. ३०२ नको, ते तात्पुरत्या बदलासाठी असतं. ज्या पेजचा विषयच आता उरलेला नाही, त्याला सरळ ४०४ (‘पेज सापडलं नाही’) किंवा ४१० (‘पेज कायमचं काढलं’) देऊन मोकळे व्हा. हे रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवावेत असं गूगल सांगतं. मी तर ते काढतच नाही. जुन्या पत्त्यांची यादी हाताशी नसेल तर सर्च कन्सोलच्या ‘पेजेस’ अहवालात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये बरीचशी मिळेल.

प्रश्न : प्रत्येक पेजच्या मेटा कीवर्ड्समध्ये मी तीस-चाळीस शब्द भरतो, तरी फरक पडत नाही. अजून वाढवू का?

उत्तर : तो टॅग, म्हणजे पेजच्या कोडमधली शब्दांची ती यादी, रिकामा सोडा. आपण क्रमवारीसाठी तो वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. तोच वेळ पेजच्या टायटलला द्या: दर पेजला वेगळं, आत काय आहे ते नेमकं सांगणारं, महत्त्वाचा शब्द सुरुवातीला. मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे पेजच्या कोडमध्ये लिहिलेल्या सारांशाने, क्रमांक वर जात नाही, पण निकालात टायटलखाली बऱ्याचदा तेच दिसतं आणि ते वाचून माणूस क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. म्हणून त्यात दोन नीट वाक्यं लिहा.

प्रश्न : मोबाइलवर साइटचा स्पीड स्कोअर ३८ येतो. तीन कॅशिंग प्लगइन टाकले, तरी ४१. होस्टिंग बदलू?

उत्तर : आधी ते तीनही प्लगइन काढून एकच ठेवा. पेजची तयार प्रत साठवून वेग वाढवायच्या एकाच कामासाठी तिघे भांडत बसतात. होस्टिंगचं नंतर बघू.

तुम्ही पाठवलेलं पेज मी उघडून पाहिलं. वरच्या स्लायडरमध्ये पाच फोटो आहेत. पहिला ६००० पिक्सेल रुंद, जवळपास ८ एमबीचा. फोनच्या पडद्यावर तो ४०० पिक्सेलच्या चौकटीत बसतो. म्हणजे एवढं ओझं वाहून आणायचं आणि दाखवायची त्यातली चिमूटभर. बाकीचे चार फोटो तर पाहणारा बोट फिरवेपर्यंत दिसतही नाहीत, पण उतरतात मात्र पहिल्याच्या बरोबरीने.

स्लायडर काढा, एकच फोटो ठेवा. तो १६०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. इतपत फोटो सहसा दोन-तीनशे केबीत बसतो. फोनसाठी याहून लहान प्रत फोटोच्या टॅगमधल्या ‘सोर्ससेट’ या सोयीतून देता आली तर उत्तम. तुमच्या थीमने सगळ्याच फोटोंना ‘लेझी लोडिंग’ (फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवणं) लावलंय. खालच्या फोटोंना ते योग्य आहे, पण सर्वांत वरच्याला नको, नाहीतर जे आधी दिसायला हवं तेच उशिरा येतं. आणि प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा आधीच राखून ठेवतो. आत्ता तुमच्या पेजवर ‘संपर्क’ बटण दाबायला जावं, तर ऐन वेळी वरून फोटो उतरतो, बटण खाली सरकतं आणि बोट भलत्याच लिंकवर पडतं. माझं दोनदा तसं झालं. ज्या माणसाला तुमच्याशी बोलायचंय, त्याची ही अडवणूक आहे.

स्कोअरच्या आकड्यामागे धावू नका. गूगल बघतं ती तीन मापं खऱ्या वापरणाऱ्यांच्या फोनवरून आलेली असतात: पेजचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, मजकूर सरकण्याचं माप ०.१ च्या आत असावं. यातलं मधलं माप, आयएनपी, मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं. ही आकडेवारी गेल्या २८ दिवसांची असते. आज दुरुस्ती केली आणि उद्या सर्च कन्सोल हिरवं झालं नाही, तर हताश होऊन पुन्हा प्लगइन टाकू नका.

प्रश्न : मराठी लेखांचे पत्ते देवनागरीत ठेवावेत की रोमन लिपीत?

उत्तर : गूगलला दोन्ही चालतात. अडचण येते ती कॉपी करताना. यूटीएफ-८ या, संगणक अक्षरं साठवण्यासाठी वापरतो त्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं आणि पत्त्यात दर बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका काना-मात्रेचीही नऊ. चार शब्दांचा पत्ता मेसेजमध्ये पेस्ट केला, की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक ओळ दिसते आणि लोकांना ती लिंक संशयास्पद वाटते. म्हणून मी छोटे रोमन पत्ते ठेवतो. पण तुमचे जुने लेख देवनागरी पत्त्यांवर नीट चालत असतील, तर केवळ यासाठी ते बदलू नका.

प्रश्न : मी नुकतंच फ्रीलान्सिंग सुरू केलंय. क्लायंट म्हणतो, पहिल्या क्रमांकाची लेखी हमी दे, तरच काम. नाही म्हटलं तर काम जाईल. काय करू?

उत्तर : हमी देऊ नका. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. त्यांच्या मार्गदर्शनातला तो भाग क्लायंटला दाखवा, म्हणजे तुम्ही टाळाटाळ करताय असं त्याला वाटणार नाही.

त्याऐवजी जे तुमच्या हातात आहे ते लेखी द्या. माझ्या प्रस्तावात हे असतं: सगळी महत्त्वाची पेजेस इंडेक्स होण्याजोगी असतील, जुना प्रत्येक पत्ता योग्य ठिकाणी पोहोचेल, मुख्य पेजेस मी साध्या फोनवर तपासून देईन, आणि तीन महिने दर महिन्याला सर्च कन्सोलचे आकडे समोर बसून समजावून सांगेन. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोलचं खातं पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर असेल, हेही लिहितो. उद्या आमचं पटलं नाही, तरी त्याची साइट माझ्याकडे अडकून राहणार नाही. हे कलम वाचून दोन क्लायंटनी हमीचा विषय आपणहून सोडून दिला होता. तुमच्या क्लायंटला तेच आधी दाखवा, दराचं बोलणं त्यानंतर करा.