सोलापुरात दिव्यांगांच्या साहित्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की व्हीलचेअर, कुबड्या, कमोड खुर्च्या असं साहित्य पुरवायचं आहे, हाताशी पाच-सहा लाख आहेत आणि नव्या पेठेत पहिल्या मजल्यावरचा गाळा स्वस्तात मिळतोय.

तो गाळा घेऊ नका. ज्याला जिना चढता येत नाही तोच तुमचं गिऱ्हाईक आहे. तळमजल्यावर, दारात रिक्षा उभी राहील अशी दहा बाय पंधराची जागा पुरते. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास मिळाली तर फारच बरं, कारण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लोक तिथेच येतात. उंबरठा काढून टाका.

दुसरं, माल भरायची घाई नको. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तींना व्हीलचेअर, तीनचाकी सायकली शिबिरांत मोफत मिळतात. फुकटच्या वस्तूशी किमतीत टक्कर देता येत नाही. पण शिबिराचा मांडव निघाला की खुर्ची अंगाला बसवून देणारं, ब्रेक आवळून देणारं माणूस जवळपास सापडत नाही. तुमचं दुकान टेप आणि पान्यावर उभं करा. विक्री त्यामागून येईल.

माप असं घ्या. माणसाला सपाट लाकडी बाकावर बसवा. नितंबांच्या सर्वांत रुंद जागेचं माप घ्या. बैठक त्याहून फार तर इंचभर रुंद असावी. नितंबांच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची लांबी घ्या आणि त्यातून दीड-दोन इंच वजा करा, म्हणजे बैठकीची कड पोटरीत रुतत नाही. दोन्ही पायांचं वेगळं माप घ्या. फरक असेल तर आखूड पायाचं धरा. पायटा, म्हणजे पाय टेकायची पाटी, लावताना माणूस गादीवर बसलेला हवा. पायटा उंच राहिला तर गुडघे वर येतात, मांड्यांचा आधार सुटतो आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर पडतो. जखम तिथेच होते.

बाजारात सर्रास मिळणारी खुर्ची १८ इंची बैठकीची असते. पंधरा इंची नितंबाचा माणूस त्यात एका बाजूला कलतो आणि वर्षानुवर्षं तसाच बसला तर कणा वाकतो. म्हणून सुरुवातीच्या सहा-सात खुर्च्यांत तीन १६ इंची, तीन १८ इंची आणि मुलांसाठी एक १४ इंची ठेवा. जास्त भरल्या तर पैसा अडकेल. आणि विकण्याआधी घरी जाऊन दारं मोजा. १८ इंची खुर्ची चाकांसकट बाहेरून २५-२६ इंच भरते, न्हाणीघराचं दार पुष्कळदा २४ इंचांचं असतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे न्हाणीत पिंप असतोच; पिंप सोडून किती जागा उरते ते बघूनच कमोड खुर्ची ठरवा. रॅम्पचा हिशेब इंचाला फूट: सात-सात इंचांच्या दोन पायऱ्यांना चौदा फूट उतार लागतो. बोळात एवढी जागा नसेल तर घरच्या दोघांना खुर्ची मागे कलवून, मोठी चाकं आधी घेत पायरी चढवायला शिकवा. पुढच्या माणसाने चौकट धरायची. पायटा किंवा खुर्चीचा निघणारा हात (हात टेकायचा दांडा) धरला तर तो हातात येतो आणि माणूस पडतो.

गादीवर मी सर्वांत जास्त भर देईन. सोलापूरच्या चाळीस अंशांत रेक्झिनवर सहा-आठ तास बसलेल्या माणसाची कातडी घामाने भिजून मऊ पडते आणि लवकर फाटते. कमरेखाली संवेदना नसेल तर त्याला ते कळतही नाही. खाली दोन इंच कडक फोम, वर दोन इंच मऊ फोम अशी गादी करा. तपासताना माणूस गादीवर बसलेला असताना बुडाच्या हाडाखाली तळहात वर करून हात सरकवा. बोटांची टोकं वर-खाली निदान पाच मिलिमीटर हलली पाहिजेत. हाड बोटं दाबून धरत असेल तर तिथला फोम थोडा कोरा किंवा बदला. खोळ सुती, अंगाबरोबर, सुरकुती न पडणारी हवी. लघवीवर ताबा नसेल तर आत पाणी न झिरपणारा पातळ थर. शहरात युनिफॉर्म शिवणारे एवढे कारखाने आहेत, खोळी, पट्टे, उचलून घ्यायचे झोळे तिथेच शिवून मिळतील.

दुरुस्तीसाठी २४ इंची ट्यूब-टायर, आठ इंची पुढची चाकं, बेअरिंग, ब्रेकचे जोड, स्पोक आणि कुबडीचे रबरी बूट तीन मापांत ठेवा. ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून आलेल्या खुर्चीत आधी हवा बघा. ब्रेक टायरवर दाबतो, टायर बसला की धरायला काही उरत नाही. पावसाळ्यात मंगळवेढा, मोहोळकडच्या काळ्या रानात पाच इंची पुढची चाकं चिखलात रुततात, तिथे आठ इंचीच द्या. बॅटरीवरच्या तीनचाकीत बॅटरी महिनोन्‌महिने न चार्ज करता पडून राहिल्याने मरते. वापर नसला तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, हे गिऱ्हाइकाला लिहून द्या. आणि दुकानात दोन बदली खुर्च्या कायम ठेवा. दुरुस्तीला खुर्ची घेतली आणि बदली दिली नाही, तर तो माणूस तितके दिवस अंथरुणावर असतो.

कुबडी काखेत टेकता कामा नये, दोन-तीन बोटांचं अंतर हवं. भार काखेवर गेला तर तिथली नस दबून हात लुळा पडू शकतो.

कृत्रिम पाय, कॅलिपर (कमजोर पायाला आधार देणारा साचा) आणि श्रवणयंत्र स्वतः बसवू नका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलाच तज्ज्ञ लागतो. आठवड्यातून एक दिवस त्यांना दुकानात बसवता येईल. स्कूटरला बाजूची चाकं लावण्याचं कामही पहिल्या वर्षी नको, त्यात आरटीओची मंजुरी येते.

जीएसटी क्रमांक पहिल्या दिवसापासून घ्या. व्हीलचेअरवर ५ टक्के आहे. ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका यांना स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि लाभार्थ्याने आधी वस्तू घेऊन बिल जोडायचं असेल तर कच्चं बिल चालत नाही. बिलावर खुर्चीचा अनुक्रमांक, माप आणि लाभार्थ्याचं नाव यूडीआयडी कार्डाप्रमाणे (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लिहा; स्पेलिंग चुकलं की पैसे अडकतात. सरकारी पैसा उशिरा येतो, म्हणून चार-पाच महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवा. घरखर्च निघेल तो भाड्याच्या वॉकर, पलंग, कमोड खुर्च्यांवर. हाड मोडलेल्यांना त्या दोन-तीन महिनेच लागतात. कर्ज लागलंच तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (केंद्राची अनुदानासह कर्ज देणारी योजना) चौकशी करा. सेवा उद्योगाला प्रकल्पाची मर्यादा २० लाख आहे.

मदतनीस घ्याल तो स्वतः व्हीलचेअर वापरणारा असला तर उत्तम. तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल तर पूर्व भागात आणि अक्कलकोटकडे फार उपयोग होईल. आणि बोलताना प्रश्न सोबतच्या नातेवाइकाला विचारू नका, खुर्चीत बसणाऱ्याला विचारा.

खुर्ची दिल्यावर दहाव्या दिवशी फोन करा. घरच्यांना रोज रात्री बूड आणि माकडहाड बघायला सांगा: डाग बोटाने दाबून फिका पडतो का. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का ते बघायचं. डाग फिका पडत नसेल तर त्या दिवसापासून त्यावर बसणं बंद, माणसाला दवाखान्यात पाठवा आणि तुम्ही गादी घेऊन घरी जा.