शिक्षकाचा ‘कोच’: प्रशिक्षक, सारथी की पाठराखा?

प्रश्न असा आला आहे: शिक्षकांना त्यांच्या वर्गातल्या कामात मदत करणाऱ्या ‘इन्स्ट्रक्शनल कोच’ला मराठीत काय म्हणावं? ‘प्रशिक्षक’ चालेल का? आणि जो काल शिक्षक होता आणि आज कोच झाला आहे, त्याला या कामात तरबेज व्हायला कोणती भाषा उपयोगी पडेल?

‘प्रशिक्षक’ नको. प्रशिक्षण म्हटलं की आधी ठरलेला विषय, बोलणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ, असं चित्र उभं राहतं. कोचचं काम त्यानंतर सुरू होतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी १९८०च्या सुमारास अमेरिकेत हेच मांडलं होतं. प्रशिक्षणात ऐकलेलं, पाहिलेलं आपोआप वर्गात उतरत नाही. ते उतरायचं तर शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्या मुलांसमोर कुणाची तरी सोबत लागते.

‘सारथी’ हा शब्द बरेच जण सुचवतात. ‘कोच’ची कुळकथा पाहिली तर तो सुचणं साहजिक आहे. हंगेरीतलं कोच हे गाव घोडागाड्यांसाठी नावाजलेलं होतं, त्या गावावरून गाडीला नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला गमतीनं तेच नाव दिलं आणि पुढे ते खेळाच्या मैदानावर गेलं. म्हणजे कोच ही मुळात गाडी, गाडीवान नव्हे. सारथ्याच्या हातात लगाम असतात. इथे लगाम शिक्षकाच्या हाती आहेत आणि कुठे जायचं हेही त्यालाच ठरवायचं आहे.

‘वस्ताद’ त्याहून जवळचा. वस्ताद कडेला उभा असतो, कुस्ती पठ्ठ्याच खेळतो. पण वस्तादाचा शब्द पठ्ठ्या मोडत नाही, आणि कोच-शिक्षकाच्या नात्यात ‘हे माझ्या वर्गात चालणार नाही’ असं म्हणायची मुभा हवीच. ‘पर्यवेक्षक’ आणि ‘तपासनीस’ तर बादच. त्यांच्यामागोमाग शेरा येतो.

मला मनापासून आवडणारा शब्द ‘पाठराखा’. त्यातली ‘पाठ’ स्त्रीलिंगी, ‘पृष्ठ’वरून आलेली, धड्याचा ‘पाठ’ पुल्लिंगी, ‘पठ्’ धातूचा. दोन्ही इथे एकत्र नांदतात. शिवाय नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण तिथे सत्ता गाजवत नाही आणि थोड्या दिवसांनी परतते, हेही कोचला लागू आहे. अडचण एवढीच की ‘पाठराखण’ला चुकीवर पांघरूण घालण्याची छटा चिकटली आहे. म्हणून पदनाम म्हणून ‘अध्यापन-मार्गदर्शक’ लिहावं आणि बोलताना ‘कोच’ खुशाल म्हणावं, तो शब्द आता मराठीत रुळला आहे.

नामापेक्षा क्रियापदं जास्त महत्त्वाची आहेत. कोच ‘पाठ तपासायला’ येतो, ‘पाठ बघायला’ येतो की ‘वर्गात बसायला’ येतो, यावरून शिक्षकाची त्या दिवसाची झोप ठरते. प्रत्ययही पाहा: नवा कोच शिक्षका‘ला’ सांगतो, मुरलेला शिक्षका‘शी’ बोलतो.

नोंदींची भाषा सगळ्यात आधी सुधारावी. ‘वर्गाचा प्रतिसाद कमी’ ही नोंद नाही, मत आहे. त्याऐवजी असं लिहावं: ‘११.१२ : प्रश्न – पाव मोठा की अर्धा? ३ हात वर. अंदाजे १ सेकंदानं बाईंनी स्वतःच उत्तर दिलं.’ आता चर्चेला धरायला काहीतरी हाती आलं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, उत्तर देणारी मुलंही वाढतात. वरच्या नोंदीवरून हा मुद्दा शिक्षक स्वतःच काढतो. मतावरून फक्त वाद निघतो.

पाठानंतरच्या बोलण्यात तीन जागी घात होतो. पहिली जागा ‘पण’. ‘पाठ छान झाला, पण…’ म्हटलं की ‘पण’च्या आधीचं सगळं पुसलं जातं. दोन वाक्यं सुटी ठेवा. दुसरी ‘का’. ‘तुम्ही असं का केलंत?’ हा मराठीत जाब विचारण्याचा सूर आहे. ‘हे उदाहरण निवडताना मनात काय होतं?’ म्हटलं की माहिती तीच मिळते आणि समोरचा बचावाला उभा राहत नाही. तिसरी ‘करायला हवं होतं’. या रचनेतला काळ निघून गेलेला असतो, त्यावर उद्या काही करता येत नाही.

तिच्या जागी मराठीनं एक सुंदर रचना दिली आहे: ‘करून बघणे’. ‘उद्या प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजून बघाल?’ यात आज्ञा नाही, यशाची हमीही मागितलेली नाही. जमलं नाही तर करून बघितलं एवढंच. पण सुचवणी एकच द्यावी. पाच दिल्या की शिक्षक सगळ्यात सोपी उचलतो किंवा एकही उचलत नाही.

वेळेचा हिशेब साधारण असा ठेवावा: पाठाआधी दहा मिनिटं, त्यात ‘मी आज नेमकं काय बघू?’ हे शिक्षकानं सांगायचं. वर्गात वीस मिनिटं. चर्चा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कारण नंतर दोघांनाही फक्त ठसा आठवतो, तपशील नाही. आठवड्याभरात पुन्हा जाऊन तेवढी एकच गोष्ट बघायची. ही फेरी चुकली तर आधीचं सगळं वाया जातं, आणि नेमकी हीच फेरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. दाखवण्यासाठी वर्ग हाती घेतलाच तर पाच-सात मिनिटांत खडू परत द्यावा. कोचनं पूर्ण तास घेतला तर मुलांना नवा शिक्षक मिळतो आणि शिक्षकाला नुसती खुर्ची.

राहिला ‘अहवाल’. मुख्याध्यापकांनी मागितला तर किती फेऱ्या झाल्या आणि कोणत्या विषयावर काम चाललं आहे, एवढंच द्यावं. कोण कसं शिकवतं हे नको. शिक्षकाच्या मूल्यमापनात कोचच्या नोंदी वापरल्या जाणार असतील तर ते आधीच उघड सांगावं आणि मग पदनामही प्रामाणिकपणे ‘पर्यवेक्षक’ असंच लिहावं.