उष्णताकवचाच्या पहिल्या चाचणीआधी एवढं बघ

आधी एक भ्रम सोड: अंतराळयानाचा खरा वातावरणप्रवेश जमिनीवर जसाच्या तसा घडवणारं एकही यंत्र नाही. अपोलोचं यान सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेगाने परतायचं, म्हणजे दर किलोग्रॅममागे 60 मेगाज्यूल ऊर्जा! एक्स्पान्शन ट्यूब (धक्कालहरीने वायूला प्रचंड वेग देणारी नळी) हा वेग गाठते, पण सहसा मिलिसेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात उष्णताकवच भाजत नाही. आर्क जेट (विजेच्या आर्कने तापवलेल्या वायूचा झोत) कित्येक मिनिटं भाजतं, पण वायूचा प्रवाह हुबेहूब नसतो. म्हणून आधी प्रश्न ठरव, मग यंत्र.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- मॅक आकड्याला (वेग ध्वनीच्या किती पट) भुलणं. एन्थाल्पी (वायूत दर किलोग्रॅमला किती ऊर्जा), दाब आणि उष्णताप्रवाह (पृष्ठभागावर किती वेगाने उष्णता येते) बघ.
- थंड तांब्याच्या कॅलरीमीटरचं (उष्णता मोजणाऱ्या उपकरणाचं) माप तापलेल्या नमुन्याला तसंच लावणं. तांब्यावर वायूतले तापून सुटे झालेले अणू पुन्हा जुळतात आणि जादा उष्णता सोडतात. मीही फसलोय यात.
- एकाच नमुन्यावरून निष्कर्ष.

प्रारणाचं (तापलेला वायू स्वतः फेकतो त्या उष्णतेचं) गणित इतक्यात नको.