शूटर गेममध्ये ‘कॅम्पिंग’ करणे ही फसवणूक आहे का?

नाही. एका जागी दबा धरून बसणे आणि शत्रू टप्प्यात येताच गोळी झाडणे हे नियमबाह्य नाही. ते कितपत रास्त, हे खेळाच्या रचनेवर ठरते. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये बॉम्ब पेरण्याची जबाबदारी हल्लेखोरांवर असल्यामुळे कोपरा धरून थांबणे हे बचाव करणाऱ्यांचे कामच असते, मात्र बॉम्ब पेरला गेला की तो ४० सेकंदांच्या आत निकामी करण्यासाठी त्यांनाच बाहेर पडावे लागते आणि दबा धरण्याची पाळी हल्लेखोरांची येते. ‘पबजी’तील सुरक्षित जागेचे आकुंचन पावणारे वर्तुळ कोणालाच फार काळ बसू देत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’तील किलकॅम (मृत्यूचा क्षण मारेकऱ्याच्या नजरेतून पुन्हा दाखवणारे दृश्य) तर मेलेल्याला, तो खेळात परतण्याआधी, मारेकऱ्याची जागाच दाखवतो, त्यामुळे त्याच खिडकीत पुन्हा बसणारा (मीही बसलो आहे) बहुधा पाठीत गोळी खातो.